आबाच्या नावाखालचा शब्द

भाविकाने मोबाइल पुढे धरला तेव्हा दमूबय कोळंबी सोलत होती. हात ओले, खारट; म्हणून तिने मोबाइल घेतला नाही, नुसती मान लांब केली. पडद्यावर फ्लेक्स होता. दमूबयच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि नातीने म्हणजे भाविकाने ठरवलं होतं की तळवलीच्या नाक्यावर आजीआजोबांचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. नाक्यावर कुणाकुणाचे लागतात! ज्याला घरात कुणी दुसऱ्यांदा भात वाढत नाही त्याचाही वाढदिवसाचा लागतो. मग यांचा का नको?

वर गावदेवी. खाली शुभेच्छुकांची तोंडं, सगळी एकाच रिक्षात कोंबल्यासारखी. मधोमध नऊवारीतली दमूबय आणि तिच्या शेजारी जयदेव, पांढऱ्या शर्टात, डोळ्यांवर मोबाइलवरच चढवलेला काळा गॉगल.

दमूबयने आधी गॉगल काढायला लावला. मोतीबिंदू काढून नुकताच दवाखान्यातून सोडल्यासारखा दिसतोय, म्हणाली. मग तिची नजर नवऱ्याच्या नावाखाली गेली.

शाळा तिने दुसरीत सोडली होती. मराठी अक्षरं तिला बाजारातल्या गिऱ्हाइकांसारखी ठाऊक होती. तोंडओळख सगळ्यांशी, नावगाव थोड्यांचं. पण ही अक्षरं इंग्रजी होती, आणि माळेसारखी लांबच लांब एका रांगेत बसली होती.

"ह्ये काय लिवलंस आबाच्या नावाखाली?"

भाविका वाशीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. ती खुशीत म्हणाली, अक्सोरिअस. म्हणजे बायकोवर ज्याचा खूप जीव आहे असा नवरा. वर्गात हा शब्द ऐकला त्या क्षणी तिला आबाच दिसला होता. 'बेस्ट कपल' काय, सगळेच लिहितात. हा शब्द असा की अर्ध्या इंग्रजांनाही येत नसेल.

अर्ध्या इंग्रजांना येत नाही तो तळवलीच्या रिक्षावाल्यांकडून वाचून घेणार का, असं दमूबयने विचारलं. भाविका हसली. मग दमूबयने कोळंबीचा दोरा ओढून काढला, टाकला, आणि साधंच विचारलं.

"चांगला हाय का वाईट?"

भाविका उत्तर द्यायला थोडी थांबली. अगदी थोडी. पण जन्मभर पाटीपुढे बसलेल्या बाईला तेवढं पुरतं. गिऱ्हाईक पापलेटाकडे बघून असं थांबलं की समजायचं, माल आवडलाय पण काहीतरी खुपतंय. तिने सुरी खाली ठेवली आणि सगळं सांग म्हणाली.

भाविकाने सांगितलं. चांगलाच आहे तसा. पण डिक्शनरीत लिहिलंय की जीव जरा जास्त असलेला. पाहिजे त्यापेक्षा जास्त.

"जास्त म्हंजी कोनाच्या मापानं?"

ते डिक्शनरीत नव्हतं. फ्लेक्स छापणाऱ्या निशांतला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं होतं. मी विचारून येईपर्यंत काही छापायचं नाही, असं बजावून दमूबय उठली, आणि उरलेली कोळंबी भाविकालाच सोलायला बसवून गेली.

आता हे सगळं एका शब्दासाठी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या शब्दाचा मराठी भाऊ दमूबयला चांगला ठाऊक होता.

लग्न झालं तेव्हा जयदेवला तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी होती. पहिली पाळी असली की कंपनीची बस रस्त्यावर यायच्या आधी तो खाडीवर जायचा, दमूबयची मासळीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा आणि टेम्पोपर्यंत आणून द्यायचा. आता कोळ्याच्या घरात पुरुषाने जाळं उचलावं, होडी ओढावी, सगळं करावं. पण विकायची पाटी ही बाईच्या डोक्यावरची. ती पुरुषाने घ्यायची नसते. कुणी तसा नियम केला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. जयदेवने मोडला, आणि वर चेहरा असा की जसं काही मोडलंच नाही. दमूबयच्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवायचा, तिच्यावर पाटी, आणि पुढे चालायला लागायचा. मागून दमूबय मोकळ्या हाताने, केसांत त्यानेच आणलेली अबोलीची वेणी.

गावाने त्याचं नाव ठेवलं पाटीवाला. बाईलवेडा, बायकोचा हमाल, हीसुद्धा होती, पण पाटीवाला टिकलं.

मग एका शिमग्याला गावच्या पोरांनी धुळवडीचं सोंग काढलं. एकाने लुगडं नेसलं, दुसऱ्याने डोक्यावर चुंबळ आणि पाटी घेतली, आणि पाटीवाला पुढे, लुगड्यावाला मागे, अशी अख्ख्या गावातून वरात. पाटीवाला मध्येच थांबून लुगड्यावालीचे पाय चेपायचा. लोक हसून हसून भिंतींना टेकले. दमूबयने मासळी धुतलेल्या पाण्याची बादली त्यांच्यावर ओतली आणि त्यांच्या सात पिढ्यांना जी नावं ठेवली ती अजून गावात चालू आहेत. जयदेव मात्र पायरीवर बसून पोट धरून हसत होता. त्याचंच सोंग आणि हाच सगळ्यात जास्त हसत होता.

दुसऱ्या दिवशी खाडीवर दमूबयने पाटी त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानंतर ती त्याला चारचौघांत असं बोलायला लागली की कुणाला वाटू नये यांच्यात काही लाडीगोडी आहे. उठा म्हणायची, बसा म्हणायची, अक्कल कुठे ठेवलीत म्हणायची. घरात दार लावल्यावर तिचा आवाज वेगळा व्हायचा, पण तो गावाला ऐकू जात नव्हता. गावाला ऐकू जायचा तो दुसरा. नवऱ्याची अब्रू तिने जिभेच्या धारेवर राखली होती. आणि आता नातीने तेच जुनं नाव इंग्रजीत करून त्याच नाक्यावर टांगायला काढलं होतं. जयदेवचे हात आता थरथरायचे, त्याला चहा अर्धाच कप द्यावा लागायचा. या वयात त्याच्यावर पुन्हा कुणी हसलं, तर दमूबयकडे आता बादली उचलायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बर्फात घालून एक जिताडा घेतला आणि बस धरून सीवूड्सला गेली. तिथे अरुणा मॅडम राहायच्या. पूर्वी घणसोलीत होत्या, तेव्हापासून दमूबयचं घरचं गिऱ्हाईक. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि जिताड्याचं डोकं टाकून न देणाऱ्या. दमूबयच्या लेखी दोन्ही गोष्टींना सारखाच मान होता.

मॅडमनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "दमयंतीबाई, आज न सांगता?"

"मासा तुमचा. माजं काम दुसरं हाय."

तिने कागदावर भाविकाकडून लिहून आणलेला शब्द पुढे केला. मॅडमनी चष्मा लावला आणि हसू आलं त्यांना. असा शब्द कुणी जिताड्याबरोबर आणेल असं वाटलं नव्हतं, म्हणाल्या. मग दमूबयला सोफ्यावर बसवून त्यांनी नीट सांगितलं. लॅटिन नावाची एक जुनी भाषा होती, त्या भाषेत बायकोला जो शब्द होता त्याच्यापासून हा केलाय. अर्थ भाविकाने सांगितला तोच. फक्त हा शब्द बहुतेक पुरुषांनी दुसऱ्या पुरुषांसाठी वापरला, आणि वापरताना ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसू ठेवून. शिवी नाही, पण आत बारीकसा काटा आहे.

दमूबयने विचारलं की नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बाईला इंग्रजीत काय म्हणतात. मॅडम म्हणाल्या, आहे एक शब्द, मोठ्या कोशात सापडतो, पण वापरताना त्यांनी कुणाला ऐकलं नाही. लागलाच नसेल कुणाला. बाईने जीव टाकला तर त्यात सांगण्यासारखं काय आहे?

तेवढ्यात आतून मॅडमच्या यजमानांचा, श्यामसुंदररावांचा आवाज आला. चहा होणार आहे का, असं ते विचारत होते. मॅडम क्षणभर कागदाकडे बघत राहिल्या.

"एवढी वर्षं हा शब्द शिकवला, दमयंतीबाई," त्या हळूच म्हणाल्या. "घरातलं उदाहरण काही देता आलं नाही."

दोघी हसल्या, तोंडावर पदर आणि हात धरून. मग दमूबयने मनातलं विचारलं. माशाचा काटा काढून देता येतो, तसा याचा काढता येतो का?

मॅडमनी जरा विचार केला. म्हणाल्या, शब्दाचा काटा शब्दात कमी असतो, बोलणाऱ्याच्या तोंडात जास्त. कोण म्हणतंय आणि कसं म्हणतंय यावर आहे. फ्लेक्सला मात्र तोंड नसतं. तो काही सांगत बसत नाही, नुसता टांगलेला असतो. वाचणारा आपापल्या तोंडाने वाचतो.

झालं. परतीच्या बसमध्येच दमूबयचं ठरलं. घरी येऊन तिने भाविकाला सांगितलं, शब्द काढ. भाविका हिरमुसली, पण वाद घातला नाही. निशांतला फोन लावता लावता एवढंच म्हणाली की आबाला तरी विचार, नाव त्याचं आहे.

जयदेव ओट्यावर लसूण सोलत बसला होता. नमिता, त्यांची सून, आता घणसोलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि संध्याकाळच्या कालवणाचा लसूण सोलायचं काम जयदेवने आपण होऊन घेतलं होतं. थरथरत्या बोटांनी एक पाकळी सोलायला त्याला बराच वेळ लागायचा, आणि कुणी मदत केलेली त्याला चालायची नाही. दमूबय शेजारी बसली. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी तिने आवाज बारीक ठेवला.

शब्द त्याला आधीच ठाऊक होता. भाविकाने त्याला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

"काढ म्हून सांगितलंस?"

"सांगितलं."

"वाईट हाय शब्द?"

"वाईट नाय. पन हसत हसत म्हनतात. जीव जरा जास्तच लावतो, असं."

जयदेवने पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली. ती पुरती सोलून झाल्यावर बोलला.

"धुळवडीचं सोंग आठवतं? मी का हसलो तवा, कदी इचारलं नाय तू."

"अक्कल नव्हती म्हून."

"खरं होतं म्हून. पोरांनी बरोबर वळखलं होतं मना. पाय मातर मी रस्त्यात कदी चेपले नाय, तेवढं त्यांनी वाढवून दाखवलं." तो जरासा हसला, मग थांबला. "लाज तुला वाटली, दमू. मना नाय. मना वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. तू पाटी काढून घेतलीस तवा."

दमूबय उठून आत गेली, उगाच एक स्वच्छ पातेलं घासलं, चहा केला, अर्धा कप त्याचा आणि अर्धा कप स्वतःचाही, आणि पुन्हा येऊन बसली. ज्या अब्रूसाठी ती एवढी वर्षं गावाशी आणि त्याच्याशी भांडत आली, ती अब्रू त्याने कधी मागितलीच नव्हती. त्याला हवी होती ती पाटी.

"मंग ठेवू का तो शब्द?" तिने विचारलं.

"फ्लेक्सवर असू दे नायतर नसू दे. लोकांनी मना काय काय म्हटलं, सगळं ऐकलंय मी." त्याने कप दोन्ही हातांनी धरला. "तू कदी काय बोलली नाय. एकदा तू बोल."

हे मात्र दमूबयच्या मानेवर जड होतं. तिने पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी धरून ठेवलं, तर आत्याने शिकवलेलं ऐन वेळी विसरली आणि हटून बसली ती बसली. पुढे कुठल्याही हळदीला, बारशाला कुणी नाव घे म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असायचं: नाव रेशनकार्डावर हाय, जा वाचून ये. बायका हसायच्या, आणि सुटायची ती.

तरी तिने निशांतला पुन्हा फोन करायला लावला आणि शब्द राहिला. मग रोज दुपारी ती भाविकाला मागच्या खोलीत बोलावून दार लावून घ्यायला लागली. भाविका म्हणायची, बय, टेन्शन नको घेऊ, एकेक तुकडा बोल. अक्. सो. रि. अस. दमूबय बोलायची आणि जीभ अडकली की इंग्रजांना नावं ठेवायची, साध्या बायकोला एवढा वेडावाकडा शब्द कशाला लागतो म्हणून. यमक तिने स्वतः जुळवलं. भाविकाने दोन सुचवली होती, ती तिने सपक म्हणून परत केली.

फ्लेक्स लागला. नाक्यावर पहिल्या दिवशी तीन जणांनी तो शब्द तीन तऱ्हांनी वाचला आणि एकाने ती डिग्री आहे असं समजून जयदेवचं अभिनंदन केलं. जयदेवने ते घेतलं.

कार्यक्रमाला गावदेवीच्या मंडपात सगळं गाव जमलं. हार झाले, केक झाला, केक कापताना जयदेवचा हात थरथरला तर दमूबयने वरून आपला हात ठेवला आणि सुरी नीट धरा म्हणून त्याला झापलं. मग शेजारच्या शकुबाईने माइक हातात घेतला. शकुबाई दमूबयच्याच वयाची, आणि त्या धुळवडीच्या सोंगाला लुगडं तिनेच दिलं होतं. दमूबयने ते कधी विसरू दिलं नव्हतं. शकुबाई म्हणाली की आज तरी दमूने नाव घ्यावं, नाहीतर मी घरून तिचं रेशनकार्ड आणलंच आहे. मंडप हसला.

दमूबय उठली. माइक तिने असा धरला जसा एखाद्याचा कान धरावा. समोर बघितलं, जयदेवकडे नाही.

"जिताड्याचं कालवण, चवीला सरस," ती म्हणाली, आणि थांबली. तुकडे मनात एकामागून एक लावले. मग मान वळवून त्याच्याकडेच बघितलं. "जयदेवाचं नाव घेते, नवरा माजा अक्सोरिअस."

मागे भाविका ओठांवर हात ठेवून उभी होती. मग हसणं फुटलं, पुढून मागे, सगळ्या मंडपात, धुळवडीच्या त्या दिवसासारखंच. दमूबयचा हात सवयीने कमरेवर गेला. तिने जयदेवकडे पाहिलं. तो खुर्चीत पोट धरून हसत होता, आणि डोळे पुसत होता, आणि पुन्हा हसत होता. तेव्हा तिच्या कमरेवरचा हात आपोआप सुटला, आणि तीही हसली, माइकमध्येच, त्यामुळे ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

शकुबाईने विचारलं, अगो पण त्याचा अर्थ काय?

"बायकोची पाटी उचलनारा," दमूबय म्हणाली. "इश्वास नाय तर उद्या सकाळी खाडीवर ये."

शकुबाई काही आली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दमूबयने नमिताच्या मासळीतून लहानशी पाटी वेगळी काढली, तळाला थोडी कोळंबी आणि वर दोन निवट्या, एवढीच. कपाटातल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, चुंबळ वळली आणि खाडीच्या काठावर, चार होड्यांवरची माणसं बघत असताना, ती जयदेवच्या डोक्यावर ठेवली. वाकडी बसली म्हणून पुन्हा ठेवली.

"उचला," ती म्हणाली.

तो पुढे, ती मागे. मान सरळ ठेवा, कोळंबी सांडेल, खड्डा बघा, गॉगल नाही लावलेला तरी दिसत नाही का, असं ती सगळ्या वाटभर मोठ्यांदा बोलत होती. नाक्यावर आल्यावर एका रिक्षावाल्याने पाटीकडे बघितलं, वर फ्लेक्सकडे बघितलं, आणि आजोबा, तुम्हीच का ते, असं विचारलं. जयदेवला थांबून उत्तर द्यायचं होतं, पण थांबला तशी पाटी डगमगली. तरी बोलायला म्हणून तो तसाच उभा राहिला, आणि मागून दमूबयने हात उंच करून पाटीची कड धरून ठेवली, त्याचं बोलणं संपेपर्यंत.